पायऱ्यांच्या समुद्रावरची पंगत

विहीणबाई,

काल तुमचा दहावा झाला. कावळा शिवला नाही.

घरी परतल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं, की दर्भाचा कावळा शिवला म्हणजे शिवलाच, आता तो विषय काढायचा नाही. म्हणजे तुम्हालाही कोणी सांगणार नाही. मी विषय काढत नाहीये. मी नुसतं लिहितेय.

घाटावर ऊन चढायला लागलं होतं. पवना नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी. खाली पाणी आहे हे आठवून आठवून मानायचं. गुरुजींनी पत्रावळीवर भाताचा पिंड मांडला, वर दही घातलं आणि सगळ्यांना मागे सरकवलं. उंबरावर कावळे होते. नव्हते असं नाही. चोची पुसत होते, मान वाकडी करून आमच्यातल्या एकेकाला निरखत होते. उतरत मात्र नव्हते.

मग नेहमीचं सुरू झालं. गेलेल्या माणसाचं काहीतरी मनात राहिलंय, ते पुरं करतो म्हणून शब्द द्या, की कावळा येतो. संतोष पुढे झाला. तुमचा थोरला, माझा जावई, आपल्या नातीचा, ओवीचा बाबा. हात जोडून म्हणाला, आई, ओवीला तुझी भाषा शिकवीन. कावळा नाही. माझी केतकी म्हणाली, मी ह्यांना जपेन, तुम्ही काळजी करू नका. नाही. तुमच्या दिरांनी गावच्या देवीची ओटी दरसाल भरायचं कबूल केलं. नाही. शेवटी तुमचा धाकटा गणेश रडत रडत म्हणाला, आई, खानावळ बंद पडू देणार नाही, फर्स्ट शिफ्टचे डबे वेळेवर जातील. त्यासरशी खालच्या फांदीवरचा कावळा उठला आणि सगळ्यात वरच्या फांदीवर जाऊन बसला.

मला हसू आलं. दहाव्याला, घाटावर, पांढऱ्या साडीत. मी पदर तोंडावर दाबला आणि खांदे हलायला लागले, तर तुमच्या जाऊबाई माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. त्या हाताखाली मी कधी हसायची थांबले आणि कधी दुसरं सुरू झालं, मला कळलं नाही. तो कावळा का उडाला हे माझ्याखेरीज समजणारं माणूस एकच होतं, आणि त्याच्याच नावाचा पिंड समोर ठेवलेला होता.

हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आपण दोघी रोज संध्याकाळी पिंपळे गुरवच्या बागेत एकाच बाकावर बसायचो हे कोणाला ठाऊक नव्हतं? संतोष जवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, ती तुम्हाला काही बोलली होती का?"

"नाही," मी म्हणाले.

मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि सगळे सुटल्यासारखे हातपाय धुवायला गेले.

बोलला होतात तुम्ही. वर्षभर तेच बोलत होतात. मी का सांगितलं नाही, ते सांगायला मला आपल्या मुलांच्या लग्नापर्यंत मागे जावं लागेल. त्या लग्नातल्या मला भेटायची माझी अजिबात इच्छा नाही, पण इलाज नाही.

काय बाई होते मी. पंचावन्न वर्षांची घोडी आणि नाक आकाशात. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला, म्हणून अख्खी पृथ्वी माझ्या माहेरची. तुम्ही बीडकडून आलेल्या, तळवड्याला कंपनीतल्या पोरांची खानावळ चालवणाऱ्या. सोयरिकीच्या बोलणीला तुमच्या घरी आले तेव्हा मी तुमच्या खोलीत पुस्तकं शोधत होते, आणि तुम्ही मला एवढ्या मोठ्या परातीत कणीक मळून दाखवल्यासारखी मळत होतात. मी ह्यांना रिक्षात म्हणाले होते, मुलगा चांगला आहे, बाकीचं शिकवता येईल. बाकीचं म्हणजे तुम्ही. हे गालात हसले होते. हे मला नेहमी वेळेआधी ओळखायचे.

लग्नात विहिणीच्या पंगतीसाठी मी माझं सगळं शहाणपण पणाला लावलं होतं. मुलाच्या आईला चौरंगावर बसवायचं, ताटाभोवती रांगोळीची महिरप काढायची, उदबत्ती लावायची, मुलीच्या आईने स्वतःच्या हाताने वाढायचं, आग्रह करायचा, आणि तिने तृप्त होऊन उठायचं. माझ्या नणंदेची चांदीची ताटं मागून आणली होती. श्रीखंड घरी केलं होतं. तुम्ही हिरव्या साडीत अवघडून बसला होतात, जणू कोणी तुम्हाला फोटोसाठी बसवलंय. मी पहिला वाढा घातला, दुसरा घातला, आणि तिसऱ्यासाठी पातेल्यात पळी बुडवून वर बघते तो चौरंग रिकामा.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला तुमच्या खानावळीतली पोरं जेवायला बसली होती. सेकंड शिफ्टला जायचं होतं त्यांना. वाढपी कमी पडले होते, ताटात पुऱ्या नव्हत्या. तुम्ही पदर खोचला, पुऱ्यांची पाटी उचलली आणि पंगतीतून चालू लागलात. मुलाची आई. आणि मी श्रीखंडाची पळी घेऊन उदबत्तीला वाढत उभी.

त्याचा मी जो काय अर्थ लावला, विहीणबाई. मला वाटलं, तुम्ही माझ्या वाढण्याचा अपमान केलात. दोन वर्षं मी तुमच्याशी शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासारखं बोलत होते. हे म्हणायचे, अगं, त्यांना बसून खायची सवय नसेल. मी म्हणायचे, आमच्यात पंगतीतून उठत नाहीत. आमच्यात. जसं काही आमच्यात कोणी कधी काही मोठं केलं होतं.

आणि मग हे गेले. मुलं तोवर परदेशी पोचली होती. केतकीला वेल्समधल्या इस्पितळात नोकरी, संतोषला तिथेच काम. दिवस झाल्यावर दोघं परत गेली आणि माझ्या दाराच्या कडीला सकाळ-संध्याकाळ डबा लागायला लागला. बेल नाही, निरोप नाही. भाकरी, एक पातळ भाजी, एक सुकी. महिना झाला तरी डबा चालूच. शेवटी मी एकदा दार उघडून जिन्यात बसून राहिले. तुम्ही चढत आलात, मला बघून एक पायरी मागे सरकलात आणि म्हणालात, "भाजी खारट झाली का?"

त्या दिवसापासून आपल्यातलं बाकीचं सुरू झालं. बाकीचं म्हणजे सगळंच.

ओवी झाली, बोलायला लागली आणि फोनच्या पडद्यावरून तिने आपली नावं ठेवली: मी चष्माआजी, तुम्ही भाकरआजी. मग गेल्या वर्षी केतकीने ठरवलं, की दोन्ही आज्यांनी एकदमच तिकडे यायचं. सुट्टी तिला जेमतेम मिळणार होती. समुद्रकाठचंच गाव त्यांचं, टेन्बी नावाचं, पण आजूबाजूला किनारेच इतके की सगळे दाखवणं जमणार नाही. ती म्हणाली, फोटो पाठवते, तुम्ही दोघी निवडा. बिचारीला वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे.

वर्षभर चाललं ते, नाही का? बागेत आपल्या शेजारी चालणारे म्हातारे राजकारणावर भांडायचे, आणि आपण दोघी वेल्सच्या वाळूवर. फोन मधे धरून. तुम्हाला फोटो मोठा करता यायचा, मला यायचा नाही. मी नावं वाचायची, तुम्ही बोटांनी समुद्र ताणायचात.

तुम्ही समुद्र पाहिलेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. चाळीस वर्षं इथे राहून. चार तासांवर कोकण, पण खानावळीला सुट्टी नाही. दिवाळीतसुद्धा कोणाची तरी शिफ्ट असतेच. मी लगेच म्हणाले, चला, आधी अलिबागला जाऊन येऊ, तालीम होईल. तुम्ही नको म्हणालात. पहिल्यांदा बघायचा तर नातीचं बोट धरून बघायचा, तोवर कशाला नवलाई घालवायची. मला तो हट्ट वाटला. आज वाटतं, ओढत न्यायला हवं होतं. पण तुम्हाला ओढून कोण नेणार? कोळशाच्या भट्टीवरचं पातेलं एका हाताने उतरवणारी बाई तुम्ही.

माझं ठरलं होतं: गावातलाच दक्षिणेकडचा किनारा, साउथ बीच. लांबलचक, सपाट. घरापासून चालत. बसायला बाक, जवळ शौचालय, चहाचं हॉटेल. भरती आली तरी वाळू उरते. मी तुम्हाला भरती-ओहोटी समजावली, चंद्र कसा ओढतो ते चपलेने मातीत काढून दाखवलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "आन् त्यो दुसरा? पायऱ्यांचा?"

त्याचं नाव बाराफंडल. तुम्ही नावाच्या वाटेला गेलाच नाहीत, तुमच्यासाठी तो पायऱ्यांचा समुद्र. गाडी कुठेतरी लांब थांबते. तिथून कड्यावरच्या गवतातून चालायचं, दगडी कमानीतून जायचं, मग खाली पायऱ्या. आणि खाली काय? काही नाही. दुकान नाही, टपरी नाही, बाक नाही, घर नाही. नुसती वाळू आणि पाणी आणि दोन्हीकडे कडे. केतकीने स्वतःच लिहिलं होतं, तुम्हा दोघींना झेपणार नाही, पण फोटो छान आहे म्हणून पाठवते.

मी माझी सगळी शस्त्रं काढली. तुमचे गुडघे. तुमचा दम. लघवीला कुठे जाल? तिथे चहा मिळणार नाही. आणि तुम्ही म्हणालात, "काईच मिळत नाई ना तितं? मंग तितंच जायाचं. जितं हाटेल हाय तितं मानसं हायेत. मानसं हायेत तितं कुनी ना कुनी भुकेलं. मला उठावं लागतंय."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. जरा वेळाने फोन बाजूला ठेवून म्हणालात, "तुमी वाढा तितं. मी बसते. त्या दिशी बसले न्हवते ना."

तेव्हा मला कळलं, की श्रीखंडाची पळी तुम्हीही इतकी वर्षं धरून उभ्या होतात.

आणि मी काय केलं? शहाण्या माणसाने अशा वेळी हात हातात घ्यावा. मी म्हणाले, डबा घेऊन त्या पायऱ्या मी उतरायच्या? तुम्हाला वाढायला? साउथ बीचला बसा, तिथे वाढते. तुम्ही म्हणालात, पायऱ्यांचा. मी म्हणाले, साउथ बीच. आपलं प्रेम हे असंच बोलायचं. तुम्ही ते समजायचात, म्हणून मीही लाडावले होते.

खोड्या काय कमी काढल्या मी? तुम्हाला सांगितलं होतं, की त्या किनाऱ्यांवर साडीला बंदी आहे. वारा असा असतो की पदर शिडासारखा फुगतो, मागे एक बाई थेट आयर्लंडला जाऊन पडली. तुम्ही गंभीरपणे मान हलवलीत. आठवड्याने बाकावर बसल्यावर इकडेतिकडे बघून साडीची किनार वीतभर वर केलीत, आणि खाली निळी ट्रॅकपँट. बाजूला पांढरी पट्टी. सरावासाठी रोज साडीखाली घालून येत होतात. मी इतकी हसले की चष्मा पडला. शेवटी कबूल केलं, की अहो, थट्टा होती. तुम्ही शांतपणे साडी नीट केलीत आणि म्हणालात, "ठाव होतं मला. पन पँट बरी हाय. गार लागत नाई."

ती पँट परवा गणेशने कपाटातून काढली. त्याला कळेना ही कोणाची. मी म्हणाले, माझी आहे, दे इकडे.

आता ते दुसरं. ते लिहायचं टाळत होते.

तुम्ही कणकेचे हात तसेच घेऊन खाली बसलात म्हणे. बसलात, आणि भिंतीला टेकलात. गणेशला आधी काही वाटलंच नाही. आई टेकून बसली हेच नवल, पण दमली असेल. कोणीतरी तव्यावरची चपाती जळाली म्हणून ओरडलं तेव्हा तो धावला. मला फोन आला. नाशिक फाट्यावर रिक्षा अडकली, पुढे ट्रेलर आडवा झाला होता. मी उतरून चालत सुटले. चालताना मी काय म्हणत होते सांगू? साउथ बीच, साउथ बीच. जसं कोणी रामरक्षा म्हणतं.

आयसीयूच्या दारात सुरक्षारक्षक होता. एकाच माणसाला सोडत होता, जवळच्या नात्याच्या. म्हणाला, कोण लागता पेशंटच्या? मी म्हणाले, विहीण. तो म्हणाला, मावशी, जवळचं नातं सांगा. मी म्हणाले, बहीण. त्याने सोडलं. सत्तरी गाठताना मला बहीण मिळाली, ती त्या दारापुरती.

तुमच्या नाकातोंडावर मास्क. केस सुटलेले. तुमचे केस एवढे पांढरे आहेत हे मला माहीतच नव्हतं, कायम पदर. नखात कणीक तशीच होती. तुम्ही डोळे उघडलेत, मला पाहिलंत, आणि उजव्या हाताची दोन बोटं चादरीवर उभी केलीत. मग ती बोटं डाव्या तळहाताकडे चालू लागली. एक पायरी. थांबली. दुसरी पायरी.

मी मान हलवली. नाही. ओठांनीच म्हणाले, साउथ बीच.

आयुष्यभर मुलांना बरोबर उत्तरं देत आले मी, आणि तिथे हे असलं उत्तर दिलं. पण ऐका. मी कधी तुमचं काही चटकन मान्य केलंय? एकदा तरी? त्या खाटेजवळ उभं राहून मी एकदम हो म्हणाले असते, बरं, पायऱ्यांचा, तुम्ही म्हणाल तसं, तर तुम्ही काय समजला असता? डॉक्टरांनी जे तुम्हाला सांगितलं नव्हतं ते माझ्या एका होकाराने कळलं असतं. म्हणून भांडले. जोवर मी नाही म्हणतेय तोवर सगळं रोजच्यासारखं आहे, उद्या पाच वाजता बाक आहे, फोन आहे, भांडण आहे. तुमच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. मास्कखाली तुम्ही हसला असाल, असं मी धरून चालले आहे. ते माझं मला बरं वाटायला असेलही. मग नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली.

मुलं विमानातून उतरून येईपर्यंत तुम्हाला यंत्रावर घेतलं होतं. संतोष तुमचा हात धरून बसला. बोटं चालली नाहीत.

म्हणून काल घाटावर मी नाही म्हणाले, विहीणबाई. सगळे माझ्याकडे बघत होते, कावळे वर बसून होते, आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, बरं, पायऱ्यांच्या समुद्रावर तुमची पंगत मांडते. ते म्हटलं की भांडण मिटलं. भांडण मिटलं की तुम्ही गेलात. बाकी लोक तुम्हाला पोचवायला आले होते. मी कावळ्यासमोर उभी राहून तुम्हाला धरून ठेवत होते. कावळा खरंच काही जाणत असेल तर त्याने ओळखलं असेल, की या म्हातारीने दार आतून लावून घेतलंय.

पण रात्रभर एक टोचत राहिलं. लग्नातही मी हेच केलं होतं. तुम्ही उठलात, आणि मी माझी पळी धरून बसले. माझा मान, माझी पंगत, माझं दुःख. पळी माझ्याच हातात. तुम्ही तेव्हाही उपाशी, आताही.

आज सकाळी संतोष माझ्याकडे आला. आपल्या दोघींच्या वेल्सच्या तिकिटांचं विचारायचं होतं त्याला. तुमचं तर रद्द करायचंच. माझं काय करायचं. केतकीने सांगून ठेवलं होतं, आईला जबरदस्ती करू नकोस, आणि समुद्राबिमुद्राचं तर आता नावच नको. तो दाढी वाढलेला, डोळे सुजलेले, चहाचा कप दोन्ही हातांत धरून गॅलरीत उभा होता. त्याची हनुवटी तुमची आहे. हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, कारण मी तुमच्याकडे नीट कुठे बघायचे, मी तर भांडत असायचे.

मी म्हणाले, "संतोष, काल मी खोटं बोलले. तुझ्या आईचं राहिलं होतं."

"काय?"

"तिला पंगतीला बसायचं होतं. मी वाढायचं आणि तिने उठायचं नाही. त्या पायऱ्यांच्या समुद्रावर."

खालून कंपनीची बस गेली. मग तो म्हणाला, "आई, लग्नाच्या दिवशी ती घरी आली ना, तेव्हा काहीच खाल्लं नव्हतं तिने. मी विचारलं, तर म्हणाली, दोन घास खाल्ले श्रीखंडाचे, तुझ्या सासूबाईंनी लई झकास केलं होतं. आणि मग उभ्याउभ्या कालची शिळी भाकरी खाल्ली."

दोन घास. मी वाढे मोजले होते, विहीणबाई, घास नाही.

त्याने विचारलं, तिथे पायऱ्या आहेत, तुमचा गुडघा? मी म्हणाले, उतरायचं माझं मी बघते, चढवायचं तुम्ही बघा. तो हसला, आणि हसता हसता कठड्यावर डोकं टेकून इतका रडला की चहा सांडला. तुम्ही असतात तर आधी फडकं आणलं असतं. मी आणलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

तर आता ऐका. साउथ बीच रद्द. गणेशला सांगून तुमच्या खानावळीतलं एक स्टीलचं ताट मागून घेणार आहे, कडेला पोचा आलेलं चालेल. चांदीचं नको, चांदीने आपलं वाटोळं केलं. चौरंग विमानात घेणार नाहीत, वाळूवर बसा. रांगोळी त्या वाऱ्यात टिकायची नाही, म्हणून महिरप मी बोटाने वाळूतच काढीन, आणि भरती येऊन पुसायच्या आत तुमचं जेवण उरकलं पाहिजे, हे आत्ताच सांगून ठेवते. तुमची निळी पँट मी घालणार. साडीखाली. ओवी माझं बोट धरेल. दुसऱ्या हाताचं बोट तिने मोकळं ठेवायचं, असं तिला शिकवीन.

श्रीखंड मी करीन. तिकडच्या दह्याला पाणी फार सुटतं म्हणते केतकी, तेव्हा नावं ठेवू नका.

तिथे कावळे असतात की नाही मला ठाऊक नाही. भूगोलात हे शिकवत नाहीत. पण पांढरे मोठे पक्षी असतात, केतकीने सांगितलंय, ते माणसाच्या हातातला घास सरळ पळवून नेतात. शब्द मागत नाहीत, वाट बघायला लावत नाहीत. दर्भाचा कावळा चालतो, तर पांढरा का चालू नये? गुरुजींना विचारणार नाही. तुमच्या दिरांना तर मुळीच नाही.

एक मात्र आहे. त्या किनाऱ्यावर तुमच्याशिवाय दुसरं कोणी भुकेलं असलं, कोणाचं पोर रडत असलं, कोणाच्या ताटात पुरी नसली, तरी तिकडे बघायचं नाही. मी आहे. मी बघते त्यांचं.

बसा, विहीणबाई. मी वाढते. या वेळी मधेच उठायचं नाही.